जॅझच्या जुन्या रेकॉर्ड जमवताना: लेबल, रनआऊट आणि रीइश्यू ओळखण्याची पद्धत

जॅझची जुनी रेकॉर्ड हातात आली की कव्हरमध्ये अडकू नका. रेकॉर्ड बाहेर काढा, अंगठा कडेला आणि बोटं लेबलवर ठेवून धरा आणि दिव्याखाली तिरकी करा. शेवटची रचना जिथे संपते तिथपासून लेबलपर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो, त्याला रनआऊट म्हणतात. त्यात काही बारीक अक्षरं हाताने कोरलेली असतात, काही ठशाने उमटवलेली. ही तबकडी कोणी कापलेल्या लॅकरवरून (टेपवरचा आवाज ज्या पहिल्या तबकडीवर कोरतात ती), कुठल्या कारखान्यात आणि साधारण कधी दाबली गेली, हे त्या अक्षरांवरून कळतं. कव्हर दुसऱ्या प्रतीचं असू शकतं. कारखान्यात उरलेली जुनी लेबलं नव्या तबकड्यांवर चिकटवली गेलेली असतात. विक्रेत्याचं वर्णन चुकीचं असू शकतं. रनआऊट मात्र सहसा फसवत नाही.

इथे मुख्यतः १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अमेरिकन जॅझ एलपींचा विचार केला आहे. त्यातही ब्लू नोट हे लेबल, म्हणजे ती रेकॉर्ड कंपनी, सविस्तर घेतलं आहे, कारण सर्वात जास्त पैसे तिथेच चुकीच्या प्रतीत जातात. एक लेबल बारकाईने वाचता आलं की बाकीची लवकर जमतात.

कुठून सुरुवात करायची

"उत्तम शंभर जॅझ अल्बम" अशा यादीवरून खरेदी सुरू केली तर संग्रह विस्कळीत होतो. त्यापेक्षा एक वादक धरा, आणि शक्यतो बाजूला उभा राहून साथ करणारा धरा. बेसवादक पॉल चेंबर्सचंच बघा. जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'वर तो ब्लू नोटसाठी वाजवतो, माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वर कोलंबियासाठी, तर आर्ट पेपरच्या 'मीट्स द ऱ्हिदम सेक्शन'वर कॅलिफोर्नियातल्या कंटेम्पररी लेबलसाठी. माणूस तोच, काळही १९५७ ते १९५९ एवढाच, पण खोल्या तीन आणि ध्वनिमुद्रक तीन. या तीन रेकॉर्ड लागोपाठ ऐकल्या की प्रत्येक लेबलचा आवाज कानात बसतो, आणि पुढे कुठलीही रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती, मूळ आवाजाच्या किती जवळ आहे ते ओळखता येतं. तुलना करताना बेसकडेच लक्ष द्या. प्रत्येक स्वराची सुरुवात, तार ओढून सोडल्याचा तो 'टण्ण', वेगळा ऐकू येतो की सगळं एक घुमणारं धूड होतं? प्रत खराब असेल तर ती आधी इथे उघडी पडते.

नोंदी ठेवताना अल्बमच्या प्रकाशनाच्या वर्षापेक्षा ध्वनिमुद्रणाच्या तारखेला महत्त्व द्या. जॅझमध्ये सेशन हे एकक आहे. एकाच दुपारी वाजवलेल्या रचना तीन वेगवेगळ्या एलपींवर विखुरलेल्या सापडतात आणि काही वीस वर्षांनी पहिल्यांदा बाहेर येतात. तारखेचा धागा हातात असेल तर तेच संगीत दोनदा विकत घेतलं जात नाही.

ब्लू नोट: एक रेकॉर्ड पायरी पायरीने वाचणं

बर्लिनहून न्यूयॉर्कला आलेल्या अल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये ब्लू नोटचं काम सुरू केलं. त्याचा मित्र, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ, त्याच वर्षी येऊन मिळाला. १९५३ पासून बहुतेक सेशन रूडी व्हॅन गेल्डरने ध्वनिमुद्रित केली. सुरुवातीला न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक इथे आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात, आणि १९५९ पासून एंगलवुड क्लिफ्समधल्या स्वतःच्या स्टुडिओत. टेपवरून लॅकर कापण्याचं कामही तो स्वतःच करायचा, म्हणून रनआऊटमध्ये त्याची खूण मिळते.

'ब्लू ट्रेन'ची मोनो प्रत समोर आहे असं समजा. ध्वनिमुद्रण १५ सप्टेंबर १९५७, कॅटलॉग क्रमांक बीएलपी १५७७.

पहिली पायरी लेबलवरचा पत्ता. १९५७ पर्यंतच्या प्रतींवर '७६७ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू' असतं. त्यानंतर '४७ वेस्ट ६३ एनवायसी' येतं. त्याच सुमारास 'न्यूयॉर्क २३' असा पोस्टल विभाग छापलेली लेबलंही वापरात होती आणि ती पुढे बराच काळ मिसळत राहिली, त्यामुळे एका बाजूला एक पत्ता आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असं सर्रास दिसतं. १९५९ पासून पत्त्याच्या ओळीत 'आयएनसी' आणि 'नोट' या शब्दाखाली नोंदणीचं छोटं चिन्ह येतं. 'न्यूयॉर्क यूएसए' असं लेबल १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९६६ पर्यंतचं. त्याच सुमाराला कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सकडे गेली आणि लेबलवर 'अ डिव्हिजन ऑफ लिबर्टी' ही ओळ आली. १९७० च्या दशकात युनायटेड आर्टिस्ट्सची निळी लेबलं.

म्हणजे बीएलपी १५७७ वर 'न्यूयॉर्क यूएसए' दिसलं तर ती पहिल्या छपाईची प्रत असूच शकत नाही. ते लेबल त्या रेकॉर्डनंतर काही वर्षांनी आलं. मात्र ब्लू नोटच्या नंतरच्या, ४००० च्या पुढच्या क्रमांकांच्या मालिकेतल्या १९६४ च्या रेकॉर्डवर तेच लेबल अगदी योग्य ठरतं. पत्ता नेहमी त्या क्रमांकाच्या प्रकाशनाच्या वर्षाशी ताडून बघायचा असतो. एकटा पत्ता काहीच सिद्ध करत नाही.

दुसरी पायरी 'कान'. तबकड्या न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट कारखान्यात दाबल्या जात, आणि तिथले लोक रनआऊटमध्ये रोमन 'पी' घाईघाईत कोरत. ते अक्षर कानाच्या आकारासारखं दिसतं, म्हणून संग्राहक त्याला कान म्हणतात. ते जेमतेम काही मिलिमीटरचं असतं आणि जागाही ठरलेली नसते. कधी इतकं पुसट असतं की रेकॉर्ड पूर्ण फिरवून, मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरूनच सापडतं. कान असेल तर तबकडी १९६६ पर्यंतची. नसेल तर, लेबल कितीही जुनं दिसो, ती बहुधा लिबर्टीच्या काळातली.

सर्वात जास्त फसगत याच ठिकाणी होते. कंपनी विकली गेली तेव्हा छापून ठेवलेली लेबलं आणि कव्हरं भरपूर शिल्लक होती आणि लिबर्टीने ती संपेपर्यंत वापरली. त्यामुळे 'न्यूयॉर्क यूएसए' लेबल, जुनं कव्हर, पण कान नाही, अशा प्रती बाजारात खूप आहेत. त्या मूळ प्रत म्हणून विकल्या जातात आणि त्यांना मूळ प्रतीची किंमत लावली जाते. ऑनलाइन घेताना "कान दोन्ही बाजूंना आहे का, आणि रनआऊटचा फोटो मिळेल का" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.

तिसरी पायरी व्हॅन गेल्डरची खूण. सुरुवातीच्या एलपींवर 'आरव्हीजी' हाताने कोरलेलं असतं, मग तीच अक्षरं ठशाने येतात, आणि १९६० च्या दशकात 'व्हॅन गेल्डर' असा पूर्ण ठसा. ही खूण लॅकर कोणी कापलं ते सांगते, तबकडी केव्हा दाबली गेली ते नाही. लिबर्टीने, आणि काही वेळा युनायटेड आर्टिस्ट्सनेही, त्याच्याच लॅकरवरून बनलेले धातूचे साचे वापरले. म्हणून कान नसलेली पण व्हॅन गेल्डरचा ठसा असलेली प्रत हा या सगळ्या बाजारातला सर्वात चांगला सौदा आहे असं आमचं ठाम मत आहे. आवाज त्याच माणसाच्या हातचा, किंमत मूळ प्रतीच्या एका छोट्या हिश्शाएवढी.

चौथी पायरी 'डीप ग्रूव्ह', म्हणजे लेबलमध्ये उमटलेला खोल गोल खळगा. बोटाचं टोक फिरवलं तर तो स्पष्ट लागतो. तो जुन्या दाबयंत्रांच्या साच्यामुळे पडायचा. १९५० च्या दशकात तो दोन्ही बाजूंना असतो, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला यंत्रं बदलत गेली तसा कधी एकाच बाजूला, कधी अजिबात नाही. या खळग्याचा आवाजाशी काहीही संबंध नाही. काळ ठरवायला तो उपयोगी आहे, पण केवळ त्याच्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

बाकीची लेबलं, थोडक्यात

प्रेस्टिजची पिवळी लेबलं आधी न्यूयॉर्कच्या '४४६ वेस्ट ५०' या पत्त्याची, नंतर न्यू जर्सीतल्या बर्गनफील्डची, मग १९६० च्या दशकात त्रिशूळाचं चिन्ह असलेली निळी. इथेही बहुतेक ठिकाणी आरव्हीजीची खूण मिळते. रिव्हरसाइडची पहिली लेबलं पांढरी, निळ्या छपाईची, नंतरची निळी. इम्पल्सची नारिंगी-काळी लेबलं ओळखायला सोपी आहेत. कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' (ए-७७, ध्वनिमुद्रण ९ डिसेंबर १९६४) त्याच लेबलवर आला, आणि तोही व्हॅन गेल्डरच्याच स्टुडिओतला.

कोलंबियाचं गणित वेगळं आहे. ती मोठी कंपनी होती आणि तिचे कारखाने अनेक होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या लेबलांवर सहा डोळ्यांसारखी चिन्हं असतात, म्हणून त्यांना 'सिक्स-आय' म्हणतात. १९६२ च्या सुमाराला ती जाऊन दोन डोळ्यांची लेबलं आली. रनआऊटमध्ये क्रमांकाच्या शेवटी १ए, १बी, १सी असं काही असतं. १ए म्हणजे सर्वात चांगला आवाज अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. वेगवेगळ्या कारखान्यांना पाठवण्यासाठी एकाच वेळी अनेक लॅकर कापली जायची, आणि १डी ही १ए इतकीच 'पहिली' असू शकते.

'काइंड ऑफ ब्लू'बद्दल एक गोष्ट प्रत्येक संग्राहकाला माहीत हवी. ध्वनिमुद्रण २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ ला न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत झालं, आणि रेकॉर्ड १७ ऑगस्टला आली (मोनो सीएल १३५५, स्टीरिओ सीएस ८१६३). मार्चच्या सेशनमध्ये मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. ती टेप योग्य वेगाने वाजवली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना थोड्या चढ्या सुरात ऐकू येतात. पियानो किंवा सॅक्सोफोन घेऊन सोबत वाजवायला गेलं की सूर जुळत नाही. तीन दशकं हे तसंच चाललं. दुसऱ्या यंत्रावर केलेल्या जादा टेपचा वेग बरोबर होता आणि १९९२ च्या सीडीसाठी ती पहिल्यांदा वापरली गेली. त्यानंतरच्या बऱ्याच आवृत्त्या दुरुस्त वेगाच्या आहेत. इतिहास म्हणून मूळ प्रत ठेवा. रोज ऐकायला किंवा रियाजाला दुरुस्त आवृत्ती घ्या.

मोनो की स्टीरिओ

१९५७ पर्यंतच्या बहुतेक जॅझ रेकॉर्ड मुळात मोनो आहेत. त्यांच्या कव्हरवर पुढे 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टीरिओ' असं छापलेलं दिसलं तर ती प्रत घेऊ नका. मोनो आवाज दोन बाजूंना कृत्रिमपणे वाटून त्यात प्रतिध्वनी मिसळलेला असतो आणि ट्रम्पेट पोकळ वाटतो. खऱ्या स्टीरिओसाठी ब्लू नोटच्या मागच्या कव्हरवर बीएसटी ही अक्षरं असतात, पण लिबर्टीने नकली स्टीरिओलाही तीच अक्षरं वापरली. म्हणून ध्वनिमुद्रणाची तारीख नेहमी बघा.

जुनी मोनो एलपी वाजवताना ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. मोनो खाचेतला आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. सुईची वरखाली होणारी हालचाल म्हणजे निव्वळ धूळ, झीज आणि खडखड. बटण दाबलं की तो भाग रद्द होतो आणि खरखरीत वाटणारी प्रत अचानक ऐकण्याजोगी होते. मोनो कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर आणखी चांगलं, पण आधी बटण वापरून बघा, त्याला खर्च नाही.

रीइश्यू निवडताना

रीइश्यू घेताना एकच प्रश्न विचारायचा: ही कशावरून कापली? मूळ टेपवरून, टेपच्या नकलेवरून, की एखाद्या सीडीवरून? तबकडीचं १८० ग्रॅम वजन, रंगीत व्हायनिल, सोनेरी पट्टी यांतलं काहीही या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

ब्लू नोटची 'टोन पोएट' मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. निवड आणि देखरेख जो हार्लीची, मास्टरिंग, म्हणजे टेपवरचा आवाज छपाईसाठी तयार करण्याचं काम, केव्हिन ग्रेचं, थेट मूळ टेपवरून, आणि कव्हर जाड, उघडणारी. 'ब्लू ट्रेन' २०२२ मध्ये या मालिकेत मोनो टेपवरून आणि स्टीरिओ टेपवरून अशी दोन वेगळ्या रूपांत आली, कारण १९५७ मध्ये व्हॅन गेल्डर दोन्ही टेप चालवत होता. 'क्लासिक व्हायनिल' ही ब्लू नोटची स्वस्त मालिका. साधं कव्हर, पण मास्टरिंग बहुतांशी केव्हिन ग्रेचंच. एकच नवी एलपी घ्यायची ऐपत असेल तर या मालिकेतली घ्यावी, इतकं ते काम चोख आहे.

प्रेस्टिज, रिव्हरसाइड आणि कंटेम्पररी ही तीनही लेबलं एकामागून एक कॅलिफोर्नियातल्या फँटसी कंपनीकडे आली, रिव्हरसाइड १९७२ मध्ये, कंटेम्पररी १९८४ मध्ये. म्हणूनच १९८० च्या दशकात निघालेल्या 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' मालिकेत तिन्ही एकत्र सापडतात. संग्राहक तिला ओजेसी म्हणतात. कव्हर मूळसारखंच, तबकडी पातळ, किंमत कमी, आवाज बहुतेक वेळा प्रामाणिक. या जुन्या ओजेसी प्रती अजून परवडतात. २०२३ पासून क्राफ्ट रेकॉर्डिंग्जने हीच मालिका नव्या, जड तबकड्यांवर सुरू केली आहे. १९७० च्या दशकातले प्रेस्टिजचे आणि ब्लू नोटचे दोन-दोन एलपींचे संच, कव्हर वेगळं असल्यामुळे दुर्लक्षित राहतात. ते दिसले की उचलावेत.

जपानी छपाईत व्हायनिल शांत असतं आणि कव्हरची नक्कल सुरेख असते. ब्लू नोटची किंग कंपनीची छपाई १९७७ ते १९८३, त्यानंतर तोशिबाची. मात्र तिथे बहुधा टेपच्या नकला गेल्या होत्या, त्यामुळे आवाज स्वच्छ पण किंचित हलका. कव्हरभोवतीच्या उभ्या कागदी पट्टीला ओबी म्हणतात. ती नसेल तर तिकडच्या खरेदीदारांच्या लेखी किंमत बरीच उतरते. त्यामुळे ऐकण्यासाठी घेणाऱ्याने ओबी नसलेलीच प्रत शोधावी.

मायकल कस्कुना आणि चार्ली लूरी यांनी उभारलेल्या मोझेक रेकॉर्ड्सचे संच वेगळ्याच गटात मोडतात. थेलोनियस मंकची ब्लू नोटवरची सगळी ध्वनिमुद्रणं हा त्यांचा पहिला संच. रचना सेशननुसार लावलेल्या, प्रत्येक प्रतीला क्रमांक, सोबत मोठी पुस्तिका. छापील संख्या संपली की पुन्हा काढत नाहीत. पुस्तिका हरवलेला संच घेऊ नका. निम्मी किंमत तिचीच आहे.

युरोपात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण आधी ५० वर्षं होतं. २०१३ मध्ये ते ७० झालं, पण तोपर्यंत मोकळी झालेली ध्वनिमुद्रणं परत बंद झाली नाहीत. म्हणून १९६२ पर्यंत प्रकाशित झालेलं जवळपास सगळं जॅझ तिथे कोणालाही छापता येतं, आणि तशा स्वस्त एलपींनी बाजार भरला आहे. त्यांच्याकडे मूळ टेप नसतात. सीडीवरून किंवा जुन्या एलपीवरून घेतलेला आवाज असतो. मागच्या कव्हरवर मास्टरिंग करणाऱ्याचं नावही नाही, टेपचा उल्लेखही नाही, आणि दोन-तीन रचना 'बोनस' म्हणून जोडल्या आहेत, एवढं दिसलं की बाजूला ठेवा. त्या पैशात जुनी ओजेसी येते.

खात्रीच्या कंपनीच्या बाबतीतही मजकूर नीट वाचा. मोबाइल फिडेलिटीच्या अनेक एलपी कापताना मधल्या टप्प्यात डिजिटल प्रत वापरली होती हे २०२२ मध्ये उघड झालं. त्या वाईट वाजतात असं नाही, पण पूर्ण ॲनालॉग म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांना ते आधी कळायला हवं होतं.

७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या

एलपी १९४८ मध्ये आली. त्याआधीचं सगळं जॅझ, म्हणजे १९१७ ची पहिली रेकॉर्ड, १९२३ मधला किंग ऑलिव्हरचा वाद्यवृंद, लुई आर्मस्ट्राँगचा 'वेस्ट एंड ब्लूज' (२८ जून १९२८, ओके कंपनीचा क्रमांक ८५९७), हे लाखेच्या तबकड्यांवर आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात.

त्यांना एलपीची सुई कधीही लावू नका. एलपीची सुई ०.७ ते १ मिल (इंचाचा हजारावा भाग) जाडीची, लाखेच्या खाचेला साधारण ३ मिल लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, सुईही खराब होते आणि आवाजात खरखरच ऐकू येते. जाडी थोडी कमीजास्त करून बघण्यात मात्र मोठा फायदा आहे, कारण वेगळ्या जाडीची सुई खाचेच्या न झिजलेल्या उंचीवर टेकते. जुन्या तबकड्यांचं उत्तम सीडी रूपांतर करणारे तज्ज्ञ हेच करतात. ब्रिटिश ध्वनिअभियंता जॉन आर. टी. डेव्हिसने केलेली अशी रूपांतरं अजूनही प्रमाण मानली जातात. ऑलिव्हरची जेनेट कंपनीची मूळ तबकडी झिजलेल्या अवस्थेतही महाग मिळते. संगीत ऐकायचं असेल तर चांगलं रूपांतर घेणंच शहाणपणाचं.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात लाखेच्या तबकड्या चाळताना जॅझचा एक स्थानिक धागा हाती लागू शकतो. अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफर्ड मुंबईच्या ताजमध्ये आणि कलकत्त्यात वाजवायचा आणि त्याची ध्वनिमुद्रणं इथे झाली. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने तो गेला. हॉटेलांमधल्या गोव्याच्या वादकांचं वादन फार थोडं ध्वनिमुद्रित झालं. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटचा हात सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या तबकड्यांत ऐकू येतो, तेव्हा त्या तबकड्याही जॅझच्या संग्रहात मानाने ठेवाव्यात.

प्रत तपासणं आणि मागवणं

विक्रेते 'एनएम' (जवळपास नवी), 'व्हीजी प्लस', 'व्हीजी' (वापरलेली) अशा उतरत्या श्रेणी देतात. जॅझच्या बाबतीत डोळ्यांनी दिलेली श्रेणी अर्धवट असते. १९५० च्या दशकातले टोनआर्म, म्हणजे सुई धरणारे दांडे, जड होते, आजच्या दोन ग्रॅमऐवजी कितीतरी जास्त दाब द्यायचे. त्यामुळे चकचकीत दिसणारी तबकडीही आतून झिजलेली असू शकते. तपासायची जागा ठरलेली आहे: बाजूच्या शेवटच्या रचनेतला जोरकस ट्रम्पेट किंवा आल्टो सॅक्सोफोन. तिथे स्वराला फाटकी किनार आली तर खाच गेली आहे, धुऊन ती परत येत नाही. उलट, वर दिसणारे केसासारखे बारीक ओरखडे पुष्कळदा ऐकूही येत नाहीत.

मधल्या भोकाभोवती लेबलवर राखाडी रेघा बघा. रेकॉर्ड अंदाजाने बसवताना प्लेअरच्या मधला खुंट (स्पिंडल) घासून त्या पडतात. रेघा जितक्या जास्त, तितकी ती वाजली आहे. तबकडी सपाट काचेवर ठेवा. कड उचललेली दिसली तर वाकलेली आहे. वाजताना टोनआर्म डावीउजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही आणि पियानोचा लांब स्वर थरथरतो. हा दोष नव्या रीइश्यूतही येतो, तेव्हा परत करायची मुदत संपायच्या आत प्रत वाजवून बघा.

परदेशातून मागवताना विक्रेत्याला स्पष्ट लिहा: तबकडी कव्हरच्या बाहेर, आतल्या पिशवीत ठेवून, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा लावून पाठवा. कव्हरच्या आत ठेवलेली तबकडी प्रवासात आपटून कव्हरची शिवण फाडते. सीमाशुल्क किमतीवर आणि डाकखर्चावरही लागू शकतं, तेव्हा ते धरूनच बोली लावा. एप्रिल-मे महिन्यात पार्सल गोदामात तापतं. आल्यावर लगेच वाजवू नका, आडवी सपाट ठेवून रात्रभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

धुणं आणि पावसाळा

व्हायनिलसाठी ९५० मिली डिस्टिल्ड वॉटर, ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुण्यासाठी वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. लेबल झाकून एका बाजूला आठ-दहा मिली पसरा, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने पाच-सहा वेळा फिरवा, ओलं असतानाच व्हॅक्युमने किंवा मायक्रोफायबरने टिपा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने तेच पुन्हा. ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात. द्रावण खाचेत वाळून राहिलं की सुईच्या टोकावर पांढरा गोळा जमतो आणि नव्याने खरखर सुरू होते. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात.

लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते. तिला डिस्टिल्ड वॉटर आणि वेटिंग एजंटचा एखादा थेंब, तोही झटपट, आणि लगेच कोरडी.

मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात बुरशी आधी कव्हरच्या पुठ्ठ्यावर येते आणि मग तबकडीवर पांढरे ठिपके पडतात. कपाट भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे ठेवा, बाहेरच्या भिंतीला लावू नका. रेकॉर्ड नेहमी उभ्या, फार घट्ट नाहीत, सैलही नाहीत. शंभर एलपींचं वजन २० ते २५ किलो होतं, तेव्हा फळी त्या हिशोबाने जाड हवी. जुन्या पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या फेकून द्या. त्यांतला मऊ करणारा पदार्थ व्हायनिलवर धुक्यासारखा डाग पाडतो आणि तो निघत नाही. पॉलिथिनच्या पिशव्या वापरा. बाहेरच्या पिशवीचं तोंड पावसाळ्यात बंद करू नका, आत दमट हवा कोंडते. कसर कव्हरची खळ खाते. सप्टेंबरात प्रत्येक कव्हर काढून, कोरड्या ब्रशने झटकून परत लावा. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास पुठ्ठ्यात कायमचा मुरतो.

प्रत्येक रेकॉर्डची नोंद घेताच करा, नंतर राहून जाते. एका ओळीत एवढं पुरतं: "कोल्ट्रेन, ब्लू ट्रेन. सेशन १५-९-१९५७. स्टीरिओ, लिबर्टी लेबल. रनआऊट: दोन्ही बाजूंना आरव्हीजी ठसा, कान नाही. डीप ग्रूव्ह नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी थोडी झीज. कव्हरची खालची शिवण दोन इंच उसवलेली. धुतली, पिशवी बदलली."